इंग्लंडातल्या 'कंपनीच्या' वाड्यांवरून ड्रोन उडवायचाय (सीझिनकोट, डेल्सफर्ड) - परवानगी, शूटिंग, इतिहास सगळं चालेल

भटका_मिडलँड्स (धागाकर्ता)

मंडळी, आमच्या इथल्या मंडळाच्या गुढीपाडव्याच्या कार्यक्रमासाठी पंधरा-वीस मिनिटांची फिल्म करायचं डोक्यात आहे. विषय असा, की ईस्ट इंडिया कंपनीच्या काळात हिंदुस्थानात पैसा करून परत आलेल्या साहेब लोकांनी इथे खेड्यापाड्यात जी मोठाली घरं बांधली, ती आज कशी आहेत.

सुरुवात सीझिनकोटपासून करायची. बर्मिंगहॅमहून गाडीनं तास-सव्वा तास, कॉट्सवोल्डमधे मोर्टन-इन-मार्शजवळ. ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी: आजूबाजूला टिपिकल इंग्लिश कुरण, मेंढ्या, ओकची झाडं, आणि मधेच हिरव्या पडलेल्या तांब्याचा कांदेघुमट, कोपऱ्यांवर छत्र्या, भिंतीतून बाहेर आलेले रुंद छज्जे. पहिल्यांदा बघितलं तेव्हा आमच्या सासूबाई म्हणाल्या "अगंबाई हे तर जयपूर". जॉन कॉकरेल नावाचा कंपनीच्या लष्करातला माणूस बंगालमधून परत आला, १७९५ मधे त्यानं ही इस्टेट घेतली, पण १७९८ मधे गेलाच. मग ती भाऊ चार्ल्सकडे आली, तोही बंगालमधेच कंपनीच्या नोकरीत कमावलेला. आणि तिसरा भाऊ सॅम्युअल पेपिस कॉकरेल आर्किटेक्ट, त्यानं १८०५ च्या सुमारास हे डिझाइन केलं. गंमत म्हणजे हा आर्किटेक्ट स्वतः हिंदुस्थानात कधी गेलाच नव्हता! टॉमस डॅनियल हा चित्रकार पुतण्याबरोबर तिकडे कित्येक वर्षं फिरून आला होता, त्याची चित्रं आणि त्याचा सल्ला यावर सगळं उभं राहिलं. बागेत सूर्याचं देऊळ आहे, पुलाच्या कठड्यावर नंदी बसलेत, तेही डॅनियलचंच. घराच्या आत मात्र सगळं युरोपियन.

दुसरं डेल्सफर्ड, तिथून गाडीनं पंधरा-वीस मिनिटं. वॉरन हेस्टिंग्जचं घर. आर्किटेक्ट तोच, कॉकरेल.

माझ्याकडे २४९ ग्रॅमवाला मिनी ड्रोन आहे. प्रश्न असे की दोन्ही घरं खाजगी आहेत तर कायद्यानं वरून उडवता येतं का, कोणाला विचारायचं, आणि येत असेल तर नुसतं घराभोवती गोल फिरवण्यापेक्षा वेगळं काय करता येईल कारण यूट्यूबवर ते गोल गोल बघून आता चक्कर येते.

शेंगदाणा

विषय एक नंबर. बुकमार्क.

रानवारा_डर्बी

आधी कोरडं काम उरकतो. तू फ्लायर आयडी (ड्रोन उडवणाऱ्याचा नोंदणी नंबर) काढलायस का? १ जानेवारी २०२६ पासून इथे नियम बदललेत, आधी २५० ग्रॅमखाली काही लागायचं नाही असं धरून लोक चालायचे, आता १०० ग्रॅमपासून पुढे फ्लायर आयडी लागतो आणि कॅमेरा असेल तर ऑपरेटर आयडीसुद्धा (ड्रोन ज्याच्या ताब्यात त्याचा नंबर). फ्लायर आयडीची परीक्षा ऑनलाइन आणि फुकट आहे, ४० प्रश्न, ३० बरोबर आले की पास. ऑपरेटर आयडीला दरवर्षी थोडे पैसे पडतात आणि तो नंबर ड्रोनवर चिकटवावा लागतो.

बाकी उंची जमिनीपासून १२० मीटर, म्हणजे ४०० फूट. ड्रोन नजरेसमोर पाहिजे, स्क्रीनवर दिसतोय म्हणजे दिसतोय असं नाही. गर्दीवर नाही. तुझा मिनी हलका आहे म्हणून वस्तीपासून १५० मीटरची भानगड तुला नाही, मोठा ड्रोन असता तर घराजवळ जाणं अवघड झालं असतं. विमानतळाभोवतीचे निषिद्ध पट्टे नकाशात बघून घे, त्या बाजूला हवाईदलाचे तळ आहेत. आणि आठवड्याच्या दिवसात लष्करी विमानं खूप खालून जातात, जेट अडीचशे फुटापर्यंत येतात आणि हेलिकॉप्टर त्याहून खाली. कान उघडे ठेवायचे, आवाज आला की लगेच खाली आणायचा.

मंडळाची फिल्म फुकट दाखवणार असाल तर ठीक, पण नंतर चॅनलवर टाकून पैसे मिळवणार असाल तर विमा कंपल्सरी होतो. तो तसाही काढून ठेव.

कोर्टकचेरी

रानवारांनी हवेचं सांगितलं, मी जमिनीचं सांगतो, कारण गोची तिथेच होते.

इथे १९८२ चा सिव्हिल एव्हिएशन ॲक्ट आहे, त्याच्या ७६ व्या कलमात म्हटलंय की वाजवी उंचीवरून, नियम पाळून विमान गेलं तर निव्वळ वरून गेलं म्हणून मालकाला अतिक्रमणाचा दावा लावता येत नाही. ड्रोनवाले हे कलम गळ्यात ताईत बांधल्यासारखं घेऊन फिरतात. पण त्या कलमात उड्डाण आहे. तू ड्रोन उडवतोस कुठून, उतरवतोस कुठे, उभा कुठे राहतोस, ते सगळं जमिनीवर आहे आणि जमीन कुणाची तरी आहे.

नॅशनल ट्रस्टच्या (जुने वाडे आणि जमिनी सांभाळणारी संस्था) जागांवर म्हणूनच बंदी आहे. त्यांची १९६५ ची उपविधी आहे, तिचा आधार घेऊन ते त्यांच्या जमिनीवरून ड्रोन उडवू देत नाहीत, त्यांनीच काम दिलं असेल तर गोष्ट वेगळी. इंग्लिश हेरिटेज ही तसलीच दुसरी संस्थाही सर्वसाधारण लोकांना नाहीच म्हणते. म्हणजे क्लाइव्हच्या घराण्याचा संग्रह असलेला पोविस कॅसल, कंपनीतूनच कमावून आलेल्या फ्रान्सिस साइक्सचा बॅसिल्डन पार्क, हे तुझ्या यादीत असतील तर ड्रोन घरी ठेव, पायी फिरून शूट कर.

शेंगदाणा

पण सीझिनकोटच्या कुरणातून पब्लिक फुटपाथ जातो ना? हार्ट ऑफ इंग्लंड वे, बोर्टन-ऑन-द-हिलवरून लाँगबरोकडे, आम्ही गेलोय तिथून, घर मस्त दिसतं. मग फुटपाथवर उभं राहून उडवला तर मालक काय करणार? वाट सगळ्यांची आहे की.

कोर्टकचेरी

वाट सगळ्यांची आहे ती जाण्यायेण्यापुरती. जाताना थांबून फोटो काढलास, डबा खाल्लास, चालतं. पायाखालची माती मालकाचीच राहते, आणि तिथे लँडिंग पॅड अंथरून अर्धा तास ड्रोन उडवणं हे 'जाणंयेणं' नाही. कोणी तुला तुरुंगात टाकणार नाही, पण मालकानं 'निघा' म्हटलं की निघावं लागेल. आणि मंडळाच्या नावानं फिल्म करताय, पडद्यावर मंडळाचं नाव झळकणार, तर असलं चोरून काम कशाला.

माझं म्हणणं एका ओळीत: एक इमेल टाका. सीझिनकोटची बाग ठरावीक दिवशी तिकीट काढून बघता येते, म्हणजे तिथे ऑफिस आहे, माणसं आहेत. काय शूट करणार, किती वेळ, ड्रोनचं वजन, विमा, आयडी, फिल्म कुठे दाखवणार, सगळं लिहा.

शेंगदाणा

नाही म्हणाले तर?

कोर्टकचेरी

तर नाही.

बारभाई

अहो भटके, तुम्ही डेल्सफर्ड एका ओळीत उरकलंत! मराठी मंडळाच्या फिल्ममधे खरं तर तेच घर मधोमध पाहिजे. कॉकरेल बंधू कलकत्त्याचे, त्यांचा आपल्याशी थेट काही संबंध नाही. हेस्टिंग्ज मात्र आपल्या घरातला खलनायक आहे.

जानेवारी १७७९, वडगाव. मुंबईची कंपनीची फौज राघोबादादांना घेऊन पुण्यावर चालून आली, महादजी शिंदे आणि नाना फडणीस यांनी तिची अशी कोंडी केली की तळेगावहून मागे फिरताना वडगावला शरणागती लिहून द्यावी लागली. तो तह फेटाळून कोणी लावला? गव्हर्नर जनरल हेस्टिंग्जनं. बंगालमधून जमिनीवरून फौज पाठवली, तिचा सेनापती गॉडर्ड गुजरातेत उतरला, पुढच्या वर्षी पॉपहॅमनं ग्वाल्हेरचा किल्ला घेतला. शेवटी मे १७८२ मधे सालबाईचा तह, तिथे पुन्हा महादजीच मधे. युद्ध चालवायला पैसा हवा म्हणून हेस्टिंग्जनं बनारसच्या चैतसिंगाला आणि अवधच्या बेगमांना पिळलं, आणि परत आल्यावर त्याच्यावर पार्लमेंटमधे जो खटला चालला त्यात ही दोन्ही प्रकरणं होती. म्हणजे पुण्याचा धागा थेट लंडनच्या वेस्टमिन्स्टर हॉलपर्यंत जातो.

आता तारखा बघा. डेल्सफर्ड ही त्याच्या पूर्वजांची जमीन, १७१५ मधे घराण्यानं विकलेली. ती परत मिळवायची हे त्याचं लहानपणापासूनचं वेड. १७८५ ला तो परत आला, १७८८ ला डेल्सफर्ड विकत घेतलं, आणि त्याच वर्षी खटला सुरू झाला. खटला चालला १७९५ पर्यंत. एकीकडे लंडनला रोज अब्रू जातेय आणि दुसरीकडे कॉट्सवोल्डमधे गवंडी घुमट चढवतायत! सुटला निर्दोष, पण वकिलांच्या खर्चानं कंगाल झाला, कंपनीनं पेन्शन दिलं म्हणून निभावलं. १८१८ च्या ऑगस्टमधे तिथेच वारला. त्याच वर्षी जूनमधे दुसरा बाजीराव कंपनीच्या माल्कमच्या स्वाधीन झाला होता. घराजवळच्या चर्चमधे पुरलाय.

तर वडगावचं स्मारक आणि डेल्सफर्डचा घुमट, हे एकापाठोपाठ एक लावा. घुमट डेल्सफर्डला पण आहे, सीझिनकोटसारखा झगझगीत नाही, अंगासरशी आहे.

शेंगदाणा

बारभाई साहेब साष्टांग. हे शाळेत असं का नाही शिकवलं.

मुळशीकर

सगळं ठीक आहे पण मला एक कळत नाही, लुटीच्या पैशावर बांधलेल्या घराचं आपणच वरून सुंदर सुंदर शूटिंग करायचं, मागे बासरी लावायची, आणि लोकांनी वा वा करायचं? ड्रोननं काहीही शूट केलं तरी ते पर्यटन खात्याची जाहिरात वाटतं. हा माझा जुना राग आहे.

केतकी_आर

मुळशीकर, राग बरोबर आहे पण दोष ड्रोनचा नाही, तो चालवतात त्या सवयीचा आहे. मी लग्नांचं आणि प्रॉपर्टीवाल्यांचं शूट करते, दिवसभर तेच ते 'हिरो शॉट' काढते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

भटका, घराभोवती गोल फिरवला की घर मोठं वाटतं. बस. त्या शॉटला दुसरं काही येत नाही. सीझिनकोट मुळात फार मोठं घर नाहीये, चौकोनी ठोकळा आहे, आणि एका बाजूनं ऑरेंजरीचा (झाडं ठेवायचं काचेचं दालन) लांब बाकदार हात निघतो. ती वक्र रेघ जमिनीवरून अख्खी कधीच दिसत नाही. कॅमेरा सरळ खाली, नव्वद अंशात करून बघ, घर एकदम नकाशा होतं: घुमटाचा गोल, कोपऱ्यांच्या छत्र्यांचे ठिपके, ऑरेंजरीचा बाक. आर्किटेक्टनं कागदावर जे काढलं असेल ते. या माणसानं हिंदुस्थान कागदावरच पाहिला होता ना, मग त्याचं घर कागदासारखंच दाखव! साधारण पन्नास-साठ मीटरवर हे चांगलं दिसतं, शंभरच्या वर गेलास की सगळं चपटं होतं आणि सॅटेलाइटचा फोटो आणि तुझा शॉट यात फरक राहत नाही.

दुसरं, घराच्या मध्यरेषेवरून सरळ ये. वेग सेकंदाला दोन-तीन मीटर, त्याहून जास्त नको, आणि शॉट चालू असताना रिमोटची काठी उगाच हलवू नको. नवीन लोकांना वाटतं काहीतरी हलवत राहिलं पाहिजे. २५ फ्रेम ठेव, शटर १/५०, त्यासाठी एनडी फिल्टर (उजेड कमी करणारी काच) लागेल, इथल्या ढगाळ दिवसाला आठ किंवा सोळा पुरतो. रंग सपाट प्रोफाइलमधे घे कारण तो तांब्याचा हिरवा आणि दगडाचा नारिंगीपिवळा यांची मारामारी आहे, ऑटोवर ठेवलास तर दगड भगवा होईल.

तिसरं आणि महत्त्वाचं. नंदीचा पूल आणि सूर्याचं देऊळ एका ओढ्याच्या घळीत आहे, वरती मोठी झाडं. उन्हाळ्यात वरून तुला फ्लॉवरचे गड्डे दिसतील फक्त. तिथे ड्रोन नेऊच नकोस, फांद्यांमधे जीपीएस गंडतं आणि 'घरी परत'चं बटण दाबलंस की तो सरळ वर उठून फांदीत. तो भाग पायी शूट कर, पुलाखालून, पाण्यातल्या दगडांवरून.

भटका_मिडलँड्स

केतकीताई हे सोनं आहे. कागदवाली आयडिया ढापतो.

रानवारा, पक्ष्यांचं काय? तिथे घारी गिधाडं फार फिरतात.

रानवारा_डर्बी

गिधाडं नव्हेत, बझर्ड हे शिकारी पक्षी असतील, आणि लाल घारी. दोघंही वसंतात ड्रोनवर येतात. त्यांनी धडक मारली तर ड्रोन गेला हे सोड, घरटं असताना त्रास देणं हा १९८१ च्या वन्यजीव कायद्यात काही जातींसाठी गुन्हा आहे, लाल घार आणि गव्हाणी घुबड त्या यादीत आहेत. जुन्या इस्टेटींच्या कोठारात गव्हाणी घुबड असतंच असतं. मार्च ते ऑगस्ट टाळ. त्यातच मेंढ्या विण्याचा हंगाम येतो, गाभण मेंढ्या बिथरल्या तर शेतकरी बंदूक घेऊन येईल आणि तो बरोबर असेल. घोडे तर त्याहून नाजूक, त्या भागात दर दुसऱ्या घरी तबेला आहे.

तात्या_कराडकर

पोरांनो मी ७१ वर्षांचा, मुलाकडे कोव्हेंट्रीला येऊन जाऊन असतो, ड्रोनमधलं मला ओ की ठो कळत नाही. पण एक विचारतो. ही एवढी मोठी कुरणं, मधे एकच घर, मग गाव कुठं गेलं? आमच्याकडं वाडा म्हटला की वाड्याला खेटून गाव असतंय. सुतार लोहार कुंभार, पाटलाच्या वाड्यातनं हाक मारली की ऐकू गेली पाहिजे. इथं एवढ्या मोठ्या घराला शेजार नाही म्हणजे कायतरी गडबड वाटते.

रानवारा_डर्बी

तात्या, तुम्ही नेमकं बोट ठेवलंत. बऱ्याच ठिकाणी गाव होतं, ते उठवलं.

अठराव्या शतकात इथे फॅशन आली की घराच्या खिडकीतून नुसतं गवत, तळं आणि झाडांचे पुंजके दिसले पाहिजेत, निसर्गानं आपोआप केल्यासारखे. मधे गाव येत असेल तर गाव हलवा. ऑक्सफर्डजवळ न्यूनहॅम कोर्टनीला लॉर्ड हारकोर्टनं १७६० च्या दशकात अख्खं गाव पाडून लांब हमरस्त्याच्या कडेला दोन ओळीत नवी घरं बांधून दिली. डॉर्सेटमधे मिल्टन ॲबीला तर गाव नव्हे, बाजारपेठेचं छोटं शहर होतं, जोसेफ डेमर नावाच्या मालकानं १७७० पासून पुढे ते हळूहळू मोकळं केलं आणि लोकांना पलीकडच्या खोऱ्यात मिल्टन ॲबस नावानं वसवलं. आज त्या एकसारख्या पांढऱ्या घरांचे फोटो कॅलेंडरवर असतात, लोक म्हणतात किती गोड. बकिंगहॅमशरमधे स्टोच्या वाड्याजवळचं गाव गेलं, चर्च तेवढं राहिलंय, झाडीत लपवलेलं.

आणि कुंपण दिसत नाही म्हणता ना, तेही लपवलेलं आहे. हाहा म्हणतात त्याला, खोल चर खणायचा, घराच्या बाजूनं भिंत उभी, पलीकडून उतार. खिडकीतून बघणाऱ्याला वाटतं गवत सलग क्षितिजापर्यंत गेलंय, पण मेंढ्या अलीकडे येऊ शकत नाहीत. जमिनीवरून ही फसवणूक पक्की आहे. वरून मात्र हाहा ही कोयत्यानं मारल्यासारखी रेघ दिसते. भटका, तू घर सोड, ही रेघ शूट कर. घराकडून बाहेर बघणाऱ्या मालकाच्या नजरेच्या उंचीवरून सुरू कर, गवत सलग, मग हळूहळू वर उचल, आणि रेघ उघडी पडते.

तात्या_कराडकर

म्हणजे गाव उठवलं. कळलं. आम्ही कोयनेच्या वेळी हेच पाहिलंय बाबा, माझ्या मामाचं गाव पाण्यात गेलं. पण तिथं निदान वीज आली. इथं बघायला गवत बरं दिसावं म्हणून?

मुळशीकर

+१ तात्या. टाळ्या.

बारभाई

तात्या, उजनीच्या पाण्यात पळसदेवचं देऊळ असंच बुडालंय, पाणी ओसरलं की शिखर आणि मंडप उघडं पडतं. अलीकडे तिथे भिगवणच्या बाजूला ड्रोनवाल्यांची जत्रा असते. फ्लेमिंगो आणि देऊळ एका फ्रेममधे.

रानवारा_डर्बी

बारभाई, इथे त्याचा जुळा भाऊ आहे. इथे पाणी आटत नाही, गवत वाळतं.

२०१८ च्या उन्हाळ्यात इथे पाऊसच पडला नाही. जमिनीखाली जुना पाया किंवा खडीची वाट असेल तर त्यावर मातीचा थर पातळ, ओल टिकत नाही, तेवढंच गवत आधी पिवळं पडतं. आणि जिथे पूर्वी चर किंवा खड्डा होता तिथे माती खोल, तिथलं गवत हिरवं राहतं. त्या वर्षी डर्बीशरमधल्या चॅट्सवर्थ वाड्याच्या दक्षिणेच्या हिरवळीवर १६९९ मधे पहिल्या ड्यूकसाठी केलेल्या बागेची पूर्ण नक्षी उमटली, वाफे, वाटा, वेलबुट्ट्यांसकट. १७३० च्या दशकात ती बाग गवताखाली गाडली होती. मी डर्बीत राहतो, बघून आलो होतो. जमिनीवरून पिवळे पट्टे दिसत होते, अंदाज येत होता. पण अधिकृतपणे ड्रोननं काढलेले फोटो आले तेव्हा खरं कळलं, गालिचा आहे अख्खा. लँकेशरमधे गॉथोर्प हॉलला आर्किटेक्ट चार्ल्स बॅरीची १८५० च्या दशकातली बाग अशीच वर आली, ती तर १९४६ मधे काढून टाकली होती. आणि नॉटिंगहॅमशरमधे क्लम्बरचं आख्खं घर, १९३८ मधे पाडलेलं, खोल्यांच्या भिंतींसकट गवतावर.

पुरातत्त्ववाले अशा दुष्काळाची वाट बघत असतात. माळ्यांचा जीव जातो आणि यांची दिवाळी.

केतकी_आर

बापरे हे माहीतच नव्हतं. पण त्यासाठी दुष्काळ पाहिजे, भटक्याला पाडव्याला फिल्म दाखवायचीय.

रानवारा_डर्बी

हिवाळ्यात दुसरं मिळतं. तिरपं ऊन. इथे डिसेंबरात भर दुपारी सूर्य पंधरा अंशांच्या आतच असतो (पुण्याला त्याच दिवशी ४८ अंश). जमिनीत वीतभर उंचवटा असला तरी हातभर सावली पडते. उठवलेल्या गावांच्या वाटा, घरांचे चौथरे, आणि सगळ्यात देखणं म्हणजे मध्ययुगीन नांगरटीच्या लाटा.

तात्या, हे तुमच्यासाठी. जुना जड नांगर माती एकाच बाजूला टाकायचा, उजवीकडे. पट्ट्याच्या मधल्या रेषेपासून सुरू करून गोल गोल नांगरत गेलं की माती दरवर्षी मधे मधे सरकत जाते आणि शेकडो वर्षांत लांब वरंबे तयार होतात, पाच-दहा मीटर रुंद. आणि ते सरळ नसतात, टोकांना वळलेले असतात, उलट्या इंग्रजी एससारखे, कारण आठ-आठ बैल जुंपलेले, ते एकदम वळत नाहीत, शेताच्या टोकाला यायच्या आधीच वळवायला सुरुवात करावी लागायची. नंतर जिथे मेंढ्यांसाठी कायमचं कुरण झालं किंवा साहेबाचं पार्क झालं, तिथे परत नांगर लागला नाही, म्हणून ते तसेच गोठून राहिले. वॉरिकशर तर याच्यासाठी प्रसिद्ध आहे.

तात्या_कराडकर

आठ बैल! आमच्याकडं काळ्या रानात मोठा नांगर धरायला सहा-आठ लागायचे, माझ्या आज्ज्याच्या तोंडून ऐकलंय. आणि बांधाला वळताना पुढच्या जोडीचा माणूस वेगळा असायचा. तर ती वळणं बैलांची आहेत म्हणता. हे मला दाखवाच, मुलाला सांगतो गाडी काढायला.

शेंगदाणा

धाग्याचा खरा हिरो तात्या.

भटका_मिडलँड्स

मंडळी किती लिहिलंत, मी ऑफिसात चोरून वाचतोय. फिल्मच बदलली माझ्या डोक्यात. आधी घरं होती, आता घर शेवटी येणार, आधी जमीन.

मधे एक प्रश्न, वडगावचे शॉट मला भारतातून लागतील. डिसेंबरात पुण्याला जातोय, मिनी बॅगेत टाकून नेऊ का?

कोर्टकचेरी

अजिबात नको. फेब्रुवारी २०२२ पासून परदेशी ड्रोनच्या आयातीवर तिकडे बंदी आहे, कस्टमवाले ठेवून घेतात. तिकडच्या कुणाला तरी सांग.

मुळशीकर

मी देतो की काढून. तळेगावला माझ्या मित्राकडे भारतीय नोंदणीचा आहे. हिरवा झोन (परवानगी न लागणारा) आहे का पिवळा (परवानगी लागणारा) ते डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन नकाशावर बघून, पोलीस स्टेशनला कळवून करू, कारण लोहगाव हवाईदलाचं आहे आणि त्या पट्ट्यात काय काय लष्करी आहे माहितीय सगळ्यांना. स्मारक रस्त्याला लागूनच आहे, जमिनीवरूनही होईल. पण माझी अट: बासरी लावायची नाही.

भटका_मिडलँड्स

मान्य, बासरी नाही. आणि मुळशीकर, आभार, फुल टू.

तर ठरलंय ते असं. डेल्सफर्डवरून ड्रोन नाही, तिथे लोक राहतात, मलाच बरं वाटत नाही. चर्चपर्यंत रस्ता आहे, हेस्टिंग्जची कबर तिथून करू, घर जुन्या चित्रांतून. सीझिनकोटला इमेल लिहितोय, मसुदा कोर्टकचेरींना व्यनि केलाय. हो म्हणाले तर केतकीताईंचा नव्वद अंशवाला एकच शॉट, दहा मिनिटांत काम संपवून खाली. नाही म्हणाले तर फुटपाथवरून साध्या कॅमेऱ्यानं. आणि ऑफिसातल्या एकाच्या सासऱ्यांची वॉरिकशरमधे मेंढ्यांची जमीन आहे, तिथे वरंबे आहेत आणि ते म्हणाले जानेवारीत मेंढ्या दुसऱ्या शेतात असतात, खुशाल या. तात्या, तुम्हालाही घेऊन जाणार, तुमचा आवाज त्या शॉटवर पाहिजे. 'गाव कुठं गेलं' हे वाक्य तुम्ही म्हणायचं, कराडच्या टोनमधे, सुधारून घ्यायचं नाही.

केतकी_आर

मस्त. जानेवारीत बॅटऱ्या कोटाच्या आतल्या खिशात ठेव, थंडीत त्यांचा चार्ज धाडकन उतरतो. उडवल्यावर मिनिटभर डोक्याएवढ्या उंचीवर थांबव, गरम होऊ दे, मग वर. आणि सकाळी नऊ-साडेनऊला पोच, दव गोठलेलं असलं तर वरंब्याच्या एका बाजूला पांढरं आणि एका बाजूला हिरवं असं येतं, ते दहा वाजता संपलेलं असतं.

तात्या_कराडकर

नऊला पोचायचं म्हणजे निघताना अंधारच की. येतो. मफलर घालून बोललं तर आवाज नीट येतो का?

केतकी_आर

तात्या, मफलरच्या आत माइक लावू, उलट वारा अडेल.